‘आम्ही’मधून ‘मी’ वेगळा काढताना: घटस्फोटानंतर स्वतःची ओळख आणि मन सावरण्याविषयी

घटस्फोटाचा हुकूम हाती येतो त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने विवाह संपलेला असतो. बोलताना तोंडी येणारे ‘आम्ही’ मात्र त्या दिवशी संपत नाही. सुट्टीत कुठे जाणार, असे कुणी सहज विचारते आणि उत्तराची सुरुवात ‘आम्ही’ने होऊन वाक्य अर्ध्यावरच थांबते. एखाद्या अर्जात आपत्कालीन संपर्कासाठी नाव लिहायचे असते. वर्षानुवर्षे विचारही न करता लिहिलेले नाव आता लिहिता येत नाही आणि त्या जागी कोणाचे लिहावे हे पटकन सुचत नाही. अशा क्षणी जे हलते ते केवळ दुःख नसते. आपण कोण आहोत, या प्रश्नाचे जे उत्तर इतकी वर्षे गृहीत धरले होते, तेच हललेले असते.

मी स्वतः या वाटेने गेले आहे आणि माझी पहिली चूक अशी होती की मी फक्त दुःखावर उपाय शोधत राहिले. दुःख कमी झाले की बाकी सारे आपोआप जागेवर येईल, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात उलटे घडले: माझे काय, त्यांचे काय आणि दोघांचे मिळून काय होते, याची उकल जसजशी होत गेली, तसतसे दुःखही सैल होत गेले. म्हणून या मार्गदर्शनात अधिक जागा त्या उकलीला दिली आहे.

मानववंशशास्त्रज्ञ पॉल बोहॅनन यांनी १९७० मध्ये असे मांडले होते की घटस्फोट हा एक प्रसंग नसून त्यात सहा निरनिराळे घटस्फोट गुंतलेले असतात: भावनिक, कायदेशीर, आर्थिक, पालकत्वासंबंधीचा, आप्तमित्रांच्या वर्तुळातला आणि सहावा मानसिक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रभावाबाहेर येऊन पुन्हा स्वतंत्र व्यक्ती होण्याचा. हे सहाही एकाच वेळी सुरू होत नाहीत आणि एकाच वेळी संपतही नाहीत. न्यायालयातले काम संपूनही मन का थाऱ्यावर येत नाही, असे स्वतःला दटावणाऱ्या माणसाने ही यादी एकदा शांतपणे वाचावी आणि यातले आपले कोणते काम अजून व्हायचे आहे ते पाहावे.

पहिल्या काही आठवड्यांत शरीराकडे लक्ष द्या

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या निरनिराळ्या घडामोडींशी जुळवून घेताना किती ताण पडतो याची एक गुणपट्टी प्रसिद्ध केली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३ आणि विभक्त राहू लागण्याला ६५ गुण आहेत. त्याच पट्टीत आर्थिक स्थितीतील बदलाला ३८ आणि घर बदलण्याला २० गुण दिले आहेत, आणि घटस्फोटाबरोबर ही दोन्ही ओझी बहुधा येतातच. या आकड्यांना नेमके माप समजू नये, कारण प्रत्येकाचा ताण निराळा असतो. परंतु आपण इतके थकलेले का असतो, हे समजण्यास ते पुरेसे आहेत. तो थकवा म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे.

या काळात स्वतःकडून मोठ्या आत्मशोधाची अपेक्षा करू नका. रात्री झोप केव्हाही लागली तरी सकाळी ठरावीक वेळी उठा, कारण झोपेची घडी बसवण्यासाठी झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ पाळणे अधिक सोपे आणि अधिक उपयोगी असते. झोप यावी म्हणून मद्य घेणे टाळा. त्याने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटत राहते आणि पहाटेच्या जागेपणी मनात येणारे विचार सर्वांत काळे असतात. भूक नसली तरी जेवणाच्या वेळा पाळा आणि रोज थोडे चाला. घर विकणे, नोकरी सोडणे, दुसऱ्या गावी जाऊन राहणे असे ज्यांवाचून चालण्यासारखे आहे ते मोठे निर्णय काही महिने पुढे ढकला. मात्र ज्या कायदेशीर किंवा आर्थिक कामांना मुदत आहे ती लांबणीवर टाकू नका आणि त्या कामांसाठी शांत डोक्याचे एखादे विश्वासू माणूस सोबत घ्या.

‘मी’ अस्पष्ट का होतो

दीर्घ सहवासात दोन माणसे नुसती शेजारी शेजारी राहत नाहीत. आर्थर ॲरन आणि इलेन ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात असा विचार मांडला की जवळच्या नात्यात माणूस दुसऱ्याची दृष्टी, त्याचे गुण आणि त्याची साधने हळूहळू आपल्या ‘स्व’मध्ये सामावून घेतो. नात्यातली ही जवळीक मोजण्यासाठी १९९२ मध्ये त्यांच्या गटाने एक साधी चित्रमाला वापरली: दोन वर्तुळे, कधी अलग, कधी एकमेकांवर किंचित आलेली, कधी जवळजवळ एकरूप झालेली. आपल्या विवाहाची वर्तुळे कागदावर काढून पाहा. एकमेकांवर आलेला भाग जितका मोठा, तितके वेगळे होताना स्वतःचेच काही निघून गेल्यासारखे वाटणे साहजिक आहे. एरिका स्लॉटर, वेंडी गार्डनर आणि एली फिंकेल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले की नाते तुटल्यावर लोकांना स्वतःचे वर्णन पूर्वीइतके स्पष्टपणे करता येत नाही आणि या अस्पष्टतेचा त्यांच्या मानसिक क्लेशाशी संबंध असतो. म्हणूनच ‘मी कोण’ हा प्रश्न सवडीने हाताळायचा तात्त्विक विषय न मानता, सावरण्याच्या कामाचाच भाग मानावा.

या कामासाठी एक वही घ्या आणि तिची तीन पाने वेगळी ठेवा. पहिल्या पानावर विवाहापूर्वी जे तुमचे होते आणि सहजीवनात मागे पडले ते लिहा: एखादा छंद, एखादी मैत्री, अभ्यासाचा एखादा विषय, एकट्याने लांबवर फिरायला जाण्याची सवय, मोठ्याने गाण्याची मोकळीक. दुसऱ्या पानावर या नात्यामुळे आयुष्यात आले आणि आता खरोखर तुमचे झाले आहे ते लिहा. तिसऱ्या पानावर तुम्ही केवळ जुळवून घेण्यासाठी करत होता ते लिहा: न आवडणारे बेत, गिळलेली मते, घरातली एक ठरावीक भूमिका, कदाचित हसण्याची किंवा गप्प बसण्याची एक विशिष्ट तऱ्हाही.

यांतले दुसरे पान सर्वांत अवघड जाते आणि तेच वगळण्याचा मोह सर्वाधिक असतो. रागाच्या भरात नात्याशी संबंधित सारे फेकून द्यावेसे वाटते आणि त्या फेकाफेकीत स्वतःचाही मोठा भाग जातो. शास्त्रीय संगीत ऐकायला तुम्ही जोडीदाराकडून शिकला असाल, पण आज एखादा राग कानावर पडल्यावर आत जे काही हलते ते तुमचे आहे. त्यावर आता दुसऱ्या कोणाची मालकी उरलेली नाही. काटकसर, डोंगर चढण्याची आवड, परक्या माणसाशी बोलण्याचे धाडस, अगदी त्यांच्या भाषेतले काही शब्द, हे सारे ठेवून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ते सध्या सहन होत नसेल तर बाजूला ठेवा आणि वहीत तशी नोंद करा. बाजूला ठेवलेले पुन्हा उचलता येते.

तिसऱ्या पानाबाबतही घाई करू नये. जुळवून घेणे म्हणजे दर वेळी स्वतःला गमावणे नव्हे. दोन माणसे एकत्र राहतात तेव्हा काही गोष्टी सोडाव्याच लागतात. प्रत्येक नोंदीपाशी एवढेच विचारा: आता कोणीही अपेक्षा करत नसताना मला हे करावेसे वाटते का? उत्तर केवळ विचार करून सापडत नाही, करून पाहिल्यावरच सापडते. म्हणून दर आठवड्याला पहिल्या पानावरची एक लहानशी गोष्ट प्रत्यक्ष करा आणि तिसऱ्या पानावरची एक गोष्ट जाणीवपूर्वक करू नका. इच्छा होण्याची वाट पाहू नका. खिन्न मनाला इच्छा बहुधा कृतीनंतर होते, आणि खिन्नतेवरील उपचारांची एक सुप्रतिष्ठित पद्धत याच तत्त्वावर उभी आहे: आधी ठरवलेली छोटी कृती, मग तिच्या मागून येणारा उत्साह.

जुना छंद उचलल्यावर तो पूर्वीसारखा आनंद देईलच असे नाही, हेही आधीच सांगून ठेवते. मी पंधरा वर्षांनी चित्रकलेचे साहित्य बाहेर काढले आणि दोन महिन्यांत लक्षात आले की ती आवड आता माझी राहिलेली नाही. त्या दिवशी मला रडू कोसळले. पुढे समजले की तीही एक उपयोगी नोंद होती. विवाहापूर्वीची व्यक्ती जशीच्या तशी परत मिळत नसते, आणि ती परत मिळाली नाही म्हणून आपण कायमचे हरवलो असेही नसते.

यात आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये असे मांडले की जवळची माणसे आपली स्मरणशक्ती न बोलता वाटून घेतात: कागदपत्रे कुठे आहेत हे एकाला ठाऊक, नातेवाइकांचे वाढदिवस दुसऱ्याला. विभक्त झाल्यावर विम्याचा हप्ता कधी भरायचा हेच आठवत नाही तेव्हा बुद्धी मंदावली असे वाटू लागते, पण खरे तर वाटून घेतलेल्या स्मरणातला अर्धा हिस्सा दुसऱ्याबरोबर गेलेला असतो. जोडीदार करत असलेल्या सर्व कामांची यादी करा आणि दर पंधरवड्याला एक काम शिकून घ्या. हिशेब, कर, दुरुस्त्या, स्वयंपाक, मुलांच्या डॉक्टरांच्या भेटी, जे असेल ते. ‘हे मला येते’ या वाक्यात नव्या ओळखीचा जो पाया घातला जातो, तो मी अन्य कोणत्याही उपायात इतका पक्का पाहिलेला नाही.

ज्याला निरोप देता येत नाही ते दुःख

जोडीदाराचा मृत्यू झाला तर लोक भेटायला येतात, कामावर सवलत मिळते, रडण्याला मुभा असते. घटस्फोटानंतर यांपैकी फारसे काही मिळत नाही. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून उघडपणे मान्यता देत नाही, त्याचा विचार केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर मांडला, आणि घटस्फोट हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यातच गमावलेली व्यक्ती हयात असते, रस्त्यात दिसते, मुलांच्या बोलण्यात येते. पॉलीन बॉस यांनी अशा धूसर, शेवट नसलेल्या वियोगाला ‘ॲम्बिग्युअस लॉस’ (संदिग्ध वियोग) असे स्वतंत्र नाव देऊन त्याचा दीर्घ अभ्यास केला आहे. निर्णय स्वतः घेतलेल्या माणसाला तर शोक करण्याचा अधिकारच नाकारला जातो. ‘तुलाच हवे होते ना?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे त्यांना मी आग्रहाने सांगते: निर्णय योग्य असणे आणि त्याचे दुःख होणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. सुटका, राग, प्रेम, लाज आणि आशा हे सारे एकाच दुपारी मनातून जाऊ शकते आणि त्यात विसंगत काही नाही.

नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या शोकाच्या पाच अवस्थांचा उल्लेख अनेक ठिकाणी होतो. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या प्रामुख्याने मृत्यूच्या जवळ पोहोचलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून. घटस्फोटितांना क्रमाने चढायच्या पायऱ्या म्हणून त्या मांडलेल्या नव्हत्या. त्यामुळे राग ‘संपून’ पुन्हा आला तर आपण मागे गेलो असे समजू नका. शोक लाटांनी येतो. लग्नाचा वाढदिवस, घर सोडलेला दिवस, मुलांचे वाढदिवस अशा तारखा आधीच वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी कोणाबरोबर, कुठे असायचे हे आठवडाभर आधी ठरवा.

भावना दाबून टाकण्याचा उपाय टिकत नाही. वेग्नर यांनीच १९८७ मध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल वारंवार येत राहिले, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर इतरांपेक्षा अधिक आले. म्हणून मनातले सारे लिहून काढा, असा सल्ला सर्रास दिला जातो. येथे सावध राहावे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून केलेल्या प्रयोगांत दिवसाला १५ ते २० मिनिटे, असे तीन-चार दिवस मोकळेपणाने लिहिण्याचा अनेकांना लाभ झाला हे खरे आहे. परंतु डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवर केलेल्या अभ्यासात निराळे चित्र दिसले. ज्यांना झाल्या गोष्टींचा अर्थ शोधत तेच तेच घोळवत राहण्याची सवय होती, त्यांना भावनांविषयी खोलवर लिहिण्यापेक्षा दिवसभरात काय केले याच्या साध्या नोंदी लिहिणे अधिक मानवले.

मग आपण विचार करत आहोत की नुसते उगाळत आहोत, हे ओळखायचे कसे? पान भरल्यावर एखादी नवी गोष्ट कळली असेल, किंवा निदान छाती थोडी हलकी झाली असेल, तर लिहीत राहा. ‘असे का झाले’, ‘त्यांनी असे का केले’ हेच प्रश्न तिसऱ्या दिवशीही त्याच शब्दांत उतरत असतील तर भावनांविषयी लिहिणे थांबवा आणि उठल्यापासून झोपेपर्यंत काय केले तेवढेच लिहा. दुसरा मार्ग म्हणजे थोड्या अंतरावरून लिहिणे: ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव वापरून, एखाद्या जिवलग मित्राची हकीकत सांगावी तसे. ईथन क्रॉस आणि ओझलेम आयदुक यांच्या संशोधनात असे अंतर ठेवून पाहिल्याने भावनांचा दाह कमी होत असल्याचे आढळले आहे.

स्वतःशी कोणत्या स्वरात बोलता याकडेही लक्ष द्या. स्बारा यांच्याच २०१२ मधील अभ्यासात विभक्त झालेल्यांपैकी जे स्वतःविषयी बोलताना करुणेने बोलत होते, त्यांना घटस्फोटासंबंधीच्या नकोशा आठवणी आणि विचारांचा त्रास कमी होत होता आणि हा फरक नऊ महिन्यांनंतरही दिसत होता. स्वतःविषयी करुणा म्हणजे स्वतःला निर्दोष ठरवणे नव्हे. ‘त्या वर्षी मी फार कठोर वागले, मला त्याचा खेद आहे, आणि मी त्या वेळी घाबरलेले होते’ हे वाक्य चुकीची कबुली देते आणि तरीही माणसाला पायाखाली तुडवत नाही. ‘माझे लग्न अपयशी ठरले’ याऐवजी ‘आमचे लग्न बारा वर्षे टिकले आणि मग संपले’ असे म्हणून पाहा. दुसरे वाक्य अधिक खरे आहे, कारण त्यात ती बारा वर्षेही आहेत.

लोकांमध्ये वावरताना

हेलन रोझ एबॉ या समाजशास्त्रज्ञ स्वतः पूर्वी कॅथलिक जोगीण (नन) होत्या. त्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की एखादी भूमिका सोडलेल्या माणसाला ‘माजी’ ही आणखी एक भूमिका चिकटते आणि लोक त्याच्याशी जुन्या भूमिकेच्या संदर्भातच वागत राहतात. हे टाळता येत नाही, पण त्यासाठी दोन वाक्ये तयार ठेवता येतात: एक परक्यांसाठी (‘आम्ही विभक्त झालो आहोत, मी ठीक आहे, विचारल्याबद्दल आभार’) आणि एक जवळच्यांसाठी, ज्यात त्यांच्याकडून नेमके काय हवे ते सांगितलेले असेल. कारणे सांगण्यास तुम्ही कोणालाही बांधील नाही. समाईक मित्रांना बाजू निवडायला लावू नका. काही जण तरीही दूर जातील आणि त्यांच्यासाठीही दुःख होईल, ते होऊ द्या. आडनाव ठेवायचे की बदलायचे हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे आणि तो पहिल्याच महिन्यात घेण्याची गरज नाही.

माजी जोडीदाराचे समाजमाध्यमांवरील पान पाहणे मात्र थांबवा. टारा मार्शल यांच्या २०१२ मधील अभ्यासात, नाते तुटल्यावर फेसबुकवर माजी जोडीदारावर लक्ष ठेवणाऱ्यांमध्ये क्लेश आणि ओढ अधिक आणि वैयक्तिक वाढ कमी आढळली. ज्याला क्लेश अधिक तोच अधिक पाहतो, असेही असू शकेल. तरी त्या पानावरून शांत होऊन परतल्याचे मला कोणी आजवर सांगितलेले नाही.

मुले असतील तर वर्तुळे पूर्णपणे अलग होत नाहीत. तेथे पती-पत्नी ही भूमिका संपते आणि पालकांची उरते, आणि या दोन भूमिका वेगळ्या ठेवण्याची शिस्त हाच मोठा आधार ठरतो. बोलणे मुलांच्या वेळापत्रकापुरते ठेवा, शक्य तेथे लेखी ठेवा, आणि निरोप मुलांच्या हाती पाठवू नका. आईवडील विभक्त होण्याइतकाच, किंबहुना अधिक, त्यांच्यातला न थांबणारा संघर्ष मुलांना बाधतो, हे संशोधनातून वारंवार समोर आले आहे. ज्या नात्यात मारहाण, धमक्या किंवा सततचे नियंत्रण होते तेथे हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता आधी, आणि संपर्क वकील किंवा अन्य मध्यस्थांमार्फतच.

नव्या नात्यासाठी किती काळ थांबावे याचा ठरावीक आकडा नाही. एक कसोटी मला उपयोगी वाटते: समोरच्या व्यक्तीची आवडनिवड कळण्यापूर्वी तुम्हाला आपली सांगता येते का? शनिवार कसा घालवायला आवडतो, या प्रश्नाचे उत्तर ‘तुला जसे हवे तसे’ असेच येत असेल तर वहीचे पहिले पान अजून थोडा वेळ मागते आहे.

केव्हा मदत घ्यावी, हेही स्पष्ट असावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडून कामे होईनाशी झाली असतील, किंवा मद्याचे प्रमाण वाढत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचे नाही: त्याच क्षणी कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका आणि आपल्या भागातील आपत्कालीन सेवा किंवा मदतवाहिनी यांच्याशी संपर्क साधा. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी घटस्फोटित कुटुंबांचा कित्येक वर्षे मागोवा घेतला तेव्हा पहिली एक-दोन वर्षे अतिशय कठीण जातात, पण बहुसंख्य लोक पुढे सावरतात असे त्यांना आढळले. आज ज्यांना हे खरे वाटत नाही, त्यांनाही ते लागू आहे.

वही सहा महिन्यांनी पुन्हा उघडा आणि पहिल्या तीन पानांना हात न लावता चौथे पान सुरू करा. त्यावर विवाहापूर्वीही नव्हते आणि विवाहातही नव्हते असे जे काही आता तुमच्यात आहे तेवढेच लिहा. सुरुवातीला त्या पानावर कदाचित एकच ओळ असेल. माझ्या वहीत ती ‘गाडीचे चाक बदलता येते’ अशी होती. तिच्याखाली तारीख घाला आणि उरलेले पान रिकामे राहू द्या.